हौदाच्या तोंडावर बसलेली बाई

शैला हौदाच्या तळाशी पडली होती. तिला काढायला उतरलेला ग्रॅहम तिच्या पलीकडं पडला होता. आणि विभा वानखेडे हौदाच्या तोंडावर बसून मला आत जाऊ देत नव्हती.

हौदाचं तोंड म्हणजे जमिनीतलं एक गोल भोक, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं. विभा त्यावर आडवी बसली होती, शिडीचे दोन्ही दांडे हातांनी घट्ट धरून. मी तिचा कोट ओढला, तिच्या मनगटाला चावले, शेवटी तिच्या थोबाडीत मारली. तिचा चष्मा उडून सिमेंटवर पडला. ती जागची हलली नाही.

"मारा काकू," ती म्हणाली. "पण आत नाही जायचं."

शैला माझी धाकटी जाऊ. ग्रॅहम आमचा सुपरवायझर. विभा आमच्या कंपनीची कुणीच नव्हती. ती तपासायला आलेली बाई होती. तिला मी फार ओळखत होते असं नाही. चार दिवस एकदा, एक दुपार मंडळाच्या गणपतीत, आणि मग हा दिवस. माझ्या उभ्या आयुष्यात एवढ्या थोड्या ओळखीत माझ्या लक्षात राहिलेलं दुसरं माणूस नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचा डेपो मँचेस्टरच्या बाहेर, कालव्याच्या काठी. तिथं मोठमोठ्या टाक्या. काहींत आम्ल, काहींत तेल, आणि आमच्या बाजूच्या टाक्यांत मळी. साखर कारखान्यातून निघते ती काळी, चिकट मळी. ती बोटीनं यायची आणि टँकर भरभरून गुरांच्या खाद्याला जायची. मी सांगलीकडची, उसाच्या मुलखातली. लग्न होऊन इंग्लंडला आले, तीस-चाळीस वर्षं मिळेल ते काम केलं, आणि शेवटी या डेपोत पोचले तर नाकात पुन्हा तोच वास. माझ्यामागं दोन वर्षांनी शैलाही तिथंच लागली. आम्ही एजन्सीच्या सफाईवाल्या. टाक्यांच्या खाली जमिनीत पुरलेले हौद होते. सांडलेली मळी आणि धुतलेलं पाणी त्यांत जमा व्हायचं. पंपानं ते उपसलं की तळाशी जो गाळ उरायचा तो आत उतरून खरवडायचा. ते काम आमचं.

विभा आली ती सप्टेंबरच्या सुरुवातीला. नोटीस लागली होती की कुणी तज्ज्ञ येऊन आमचं 'सेफ्टी कल्चर' बघणार आहेत. ग्रॅहमनं आम्हाला सांगितलं की शाळेचा इन्स्पेक्टर आला असं समजा, विचारेल त्याला हो म्हणा आणि हेल्मेट डोक्यावर ठेवा. मला वाटलं सुटाबुटातला गोरा येईल. आली ती पंचेचाळिशीची, बुटकी, केस कापलेले, चष्म्याला दोरी बांधलेली. स्वतःचे लोखंडी टोकाचे बूट प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन. मॅनेजर तिला वर कॉन्फरन्स रूममध्ये नेत होता. तिथं केक मागवला होता, स्लाइड्स लावल्या होत्या. तिनं विचारलं, सफाईवाले कुठं बसतात? आणि आमच्या कपडे बदलायच्या खोलीत येऊन बाकावर बसली.

मला मागाहून तिनं सांगितलं, "साहेबलोक जे सांगतात ते मी घरी बसून लिहू शकते, काकू. त्यासाठी ट्रेनचं तिकीट कशाला काढू?"

ती नागपूरची. तिकडे खताच्या कारखान्यात इंजिनियर होती, मग इकडे आली. माझं आडनाव ऐकून तिनं लगेच मराठीत सुरुवात केली. मी आधी अहो-जाहो करत होते, कारण तिच्या गळ्यात साहेबांचं कार्ड होतं. दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबर बाकावर बसून डब्यातला दहीभात हातानं जेवली तेव्हा मी तिला अगं म्हणायला लागले. तिनंही ते चालवून घेतलं.

तिच्या काही सवयी विचित्र होत्या. गरम चहाचा कप हातात घेऊन ती एक पाऊल चालत नसे. उभी राहून संपवणार, मग चालणार. जिन्यावर कठडा धरल्याशिवाय चढत नसे. तीन पायऱ्या असल्या तरी. तिच्या खिशात एक छोटी बॅटरी असायची आणि ती कुठंही वाकून बघायची, कपाटामागं, सिंकखाली. लिहायची फार कमी. दिवसभरात एखादी ओळ. पण तिचं खरं हत्यार वेगळं होतं. प्रश्न विचारून झाला की ती गप्प बसायची. इंग्रज माणसाला गप्प बसलेलं माणूस सोसत नाही, तो काहीतरी बोलतोच. आमची दनूता, पोलंडची, तिसरी सफाईवाली, तिच्याकडून विभानं असंच गप्प बसून तिच्या गुडघ्याची सगळी हकीकत काढली. गुडघा आमच्याच जिन्यावर गेला होता आणि दनूतानं तो घरी बागेत पडल्याचं सांगितलं होतं.

ते का, तेही सांगायला हवं. गेटवर एक मोठा बोर्ड होता, अपघाताविना किती दिवस गेले त्याचा. अख्खा महिना कोरा गेला की शेवटच्या शुक्रवारी कंपनी सगळ्यांना फिश अँड चिप्स द्यायची. ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण ज्याच्यामुळं ते बंद होई त्याच्याकडं सगळे महिनाभर बघत. एका टँकरवाल्यानं पाय मुरगळल्याचं कळवलं तर पुढं कित्येक दिवस त्याला लोक 'कॉड' म्हणत होते, त्या हुकलेल्या फिश अँड चिप्समधला मासा. म्हणून कुणी काही कळवत नसे.

विभा त्या बोर्डासमोर बराच वेळ उभी होती. मग माझ्याकडं वळली आणि म्हणाली, काकू, हात दाखवा. मी हात खिशात घातले. तिनं वाट पाहिली. मी काढले. डाव्या हातावर गरम पाण्याच्या पाइपनं भाजल्याचा डाग होता, मनगटापासून वरपर्यंत. घरी हळद आणि तूप लावून मी तो बरा केला होता.

"बोर्डावर हा हात दिसत नाही," ती म्हणाली. एवढंच. उपदेश केला नाही. मला राग आला तो त्यामुळंच.

तिचा एक ठरलेला प्रश्न होता. तो ती सगळ्यांना विचारायची, मॅनेजरपासून गेटवरच्या माणसापर्यंत. इथं काम शेवटचं कुणी थांबवलं होतं? म्हणजे काहीतरी बरोबर नाही असं वाटून कुणी, आत्ता नको, असं म्हटलं होतं का, आणि म्हटलं तर त्याचं पुढं काय झालं. मॅनेजर म्हणाला, इथं कुणीही थांबवू शकतं, आमचं धोरणच तसं आहे. विभानं विचारलं, हो, पण कुणी थांबवलं? त्याला एक नाव सांगता आलं नाही. आम्हालाही नाही.

मी तिला विचारलं, हाच प्रश्न का? तेव्हा तिनं खताच्या कारखान्यातली गोष्ट सांगितली. ती नवी होती. एक माणूस टाकीत उतरला आणि आडवा झाला. त्याला काढायला दुसरा उतरला. दुसऱ्यासाठी तिसरा. तिसऱ्याला उतरताना दिसावं म्हणून बॅटरी विभानंच धरली होती. तिघांतलं कुणी वर आलं नाही. "पहिल्याला वायूनं मारलं, काकू," ती म्हणाली. "बाकीच्या दोघांना आम्ही." हे सांगताना ती डब्याचं झाकण पुसत होती. आवाज बदलला नाही.

आता माझं आणि शैलाचं. त्या वेळी आम्ही सात महिने एकमेकींशी बोलत नव्हतो. तिच्या मुलीचं लग्न एडिनबराला झालं. मोठी काकू म्हणून हळदीला पहिला हात माझा लागायला हवा होता. शैलानं पुण्याहून आलेल्या आपल्या बहिणीला पुढं केलं. मी अक्षता टाकल्या आणि जेवायला न थांबता परतीची ट्रेन धरली. त्यानंतर घरी एका टेबलावर जेवायचो, एका बसनं कामाला जायचो, पण शब्द नाही. दीर मध्ये पडून थकले. माझा नवरा असता तर त्यानं दोघींना झापलं असतं, पण तो नव्हता.

हौदात उतरायच्या कामात एक जण आत असतो आणि एक वर. मी वयानं मोठी, पासष्ट उलटलेली, म्हणून मी वर. वरच्याचं काम बसून राहायचं, म्हणून ते म्हाताऱ्यांना देतात. नियम दोनच. आतल्या माणसाशी सतत बोलत राहायचं. आणि काहीही झालं तरी आत जायचं नाही, अलार्म दाबायचा. आत नेहमी शैला. आणि आम्ही तर बोलत नव्हतो. मग आम्ही एक रीत पाडली होती. मी झाकणाच्या कडेवर पान्यानं दोनदा ठोकायचं, तिनं खालून खरवडणीनं शिडीवर दोनदा ठोकायचं. ठोकलं म्हणजे ठीक आहे. हे कुणी ठरवलं नव्हतं, पडत गेलं. ग्रॅहमला माहीत होतं. तो हसायचा आणि म्हणायचा, तुमच्या देशात बायका अशाच भांडतात का.

विभानं तिसऱ्या दिवशी ते बघितलं. थोडा वेळ ऐकत उभी राहिली. शैला वर आल्यावर तिनं आम्हा दोघींना विचारलं, "तुम्ही दोघी बोलून नाही राहिल्या का?"

शैला हात धुवायला निघून गेली. मी म्हणाले, तो आमच्या घरचा मामला आहे.

"घरी असेल," विभा म्हणाली. "इथं नाही. शब्द आला तर मला कळतं तिचा आवाज जड झालाय की नाही. ठोक्यावरून काय कळतं?"

मी म्हटलं, चार इयत्ता शिकलेल्या बाईला ठोके मोजता येतात. तिनं माझ्याकडं पाहिलं, एक ओळ लिहिली आणि निघून गेली. मला वाटलं मी जिंकले.

चौथ्या दिवशी तिनं मला एकटीला गाठलं. हौदात उतरायच्या आधी आत हवा ठीक आहे का ते मीटर सोडून बघायचं असतं आणि आकडा कागदावर लिहायचा असतो. ते कागद तिनं बघितले होते. महिनाभर रोज तोच आकडा, त्याच शाईत, त्याच हातानं. हवेसाठी तो आकडा चांगलाच असतो, पण रोज एकच कसा येईल. तिनं ग्रॅहमला विचारलं होतं. त्यानं कपाटातून मीटर काढून चालवून दाखवला. मीटर चालत होता. ती मॅनेजरशीही बोलली होती, तो बघतो म्हणाला होता. आता ती मला विचारत होती, उतरायच्या आधी मीटर खरंच सोडतात का?

खरं उत्तर मला माहीत होतं. ग्रॅहम सोमवारी सकाळी चहा पिता पिता आठवडाभराचे कागद भरून ठेवायचा. त्यात त्याचा लबाडपणा नव्हता. मीटर लावायचा म्हणजे तो गरम व्हायची वाट बघा, नळी सोडा, तीन ठिकाणी मोजा, तोवर आम्ही बायका कालव्यावरच्या वाऱ्यात कुडकुडत उभ्या. त्याला आमची दया यायची. ग्रॅहम चांगला माणूस होता. मला आणि शैलाला काम त्यानं दिलं. दिवाळीला तो आम्हाला न मागता लवकर सोडायचा. माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीला तो काळा टाय लावून आला होता आणि मागं उभा राहिला होता. त्याच्याविरुद्ध मी एका कार्डवाल्या बाईला काय सांगणार?

मी म्हणाले, हो, सोडतात.

ती गप्प बसली. मीही बसले. इंग्रज नसल्याचा मला तेव्हा फायदा झाला.

"खोटं बोलून राहिल्या काकू तुम्ही," ती शेवटी म्हणाली. रागानं नाही. मग पिशवीतून आपले साधे बूट काढून घालू लागली.

त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या रविवारी ती मला आमच्या मंडळाच्या गणपतीत भेटली. शाळेचा हॉल घेतला होता, दोनशे माणसं, ढोल, वडे तळण्याचा वास. शिरताना चपलांचा ढीग लागला होता आणि तो ढीग नेमका आपत्कालीन दरवाजासमोर. विभानं पर्स खाली ठेवली आणि एकेक जोडी उचलून दुसऱ्या भिंतीला लावायला लागली. मंडळाचे जोगळेकर काका धावत आले.

"अहो ताई, राहू द्या. दर वर्षी इथंच असतात."

"दर वर्षी आग नाही लागली म्हणून," ती म्हणाली, आणि काकांच्याच कोल्हापुरी उचलून त्यांच्या हातात दिल्या. काका त्या छातीशी धरून उभे राहिले. त्यांना त्या कुठं ठेवाव्या ते सुचेना. पोरं हसली. मीसुद्धा हसले. आरतीनंतर ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, मी परत येतेय, येत्या शुक्रवारी. सगळ्या सफाईवाल्यांची उत्तरं एकसारखी आली आहेत, शब्दाला शब्द, तेव्हा पुन्हा विचारावं लागेल. मी म्हटलं, विचार. शैला हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती, माझ्याकडं पाठ करून.

शुक्रवारी सकाळी बसमध्ये एकच जागा रिकामी होती. शैला बसली. मी उभी राहिले. तिनं उठून जागा दिली नाही आणि मी मागितली नाही. एवढ्यावरून दोघींची डोकी तापली होती.

आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला होता आणि हौदात पाणी शिरलं होतं. मळी नुसती असली तर काही करत नाही. तिच्यात पाणी मिसळलं की ती आंबते, इडलीचं पीठ आंबतं तशी. तिच्यातून जो वायू निघतो तो हवेपेक्षा जड असतो, पाण्यासारखा तळाशी साचतो, आणि दिसत नाही. आंबलेला वास मला आला होता. गावाकडं कारखान्याच्या मागं यायचा तसाच. मला तो वास ओळखीचा वाटला, वाईट वाटला नाही. कागदावर ग्रॅहमनं सोमवारीच आकडा लिहिलेला होता. उतरणाऱ्याच्या अंगावर घालून दोर बांधायचा पट्टा शेडमध्ये खिळ्यालाच लटकत होता.

शैला उतरली. मी दोनदा ठोकलं, तिनं दोनदा ठोकलं. मी पुन्हा ठोकलं. उत्तर आलं नाही.

मला वाटलं, रुसली. बसमधल्या जागेवरून. मी ठरवलं की आता तीच आधी ठोकेल. मी पाना मांडीवर ठेवला आणि कालव्याकडं बघत बसले. किती वेळ, ते मला चौकशीत विचारलं. चहाचा एक कप पिऊन होतो तेवढा, असं मी सांगितलं. तो वेळ मी अजून विसरलेली नाही आणि कुणी विसरायला सांगू नये.

मग मी वाकून बघितलं. शैला शिडीच्या बुंध्याशी कुशीवर पडली होती, झोपल्यासारखी. मी ओरडले. ग्रॅहम शेडमधून धावत आला, एक क्षण थांबला नाही, शिडीवरून सरसर उतरला. तिच्या काखेत हात घालायला तो तिला ओलांडून पलीकडं गेला, वाकला, आणि तसाच पुढं पडला. तोंड गाळात.

मी शिडीवर पाय टाकला. नियम मला पाठ होते. सात महिने जिच्याशी बोलले नाही ती खाली पडली होती, मला नियम काय करायचे होते? तेवढ्यात मागून कुणीतरी माझा जाकिटाचा पट्टा धरला आणि मला गोणीसारखी बाहेर ओढली. विभा. गेटवर नाव लिहून ती नुकतीच आत आली होती. साधे बूट अजून पायात होते. ती भोकावर बसली, शिडी धरली, आणि मग मी वर लिहिलं ते सगळं झालं.

मी मारत होते तोवर तिचं तोंड चालूच होतं, पण माझ्याशी नाही. दनूताला सांगितलं अलार्म दाब आणि नऊ-नऊ-नऊला फोन करून सांग की दोन माणसं बंद जागेत आहेत, श्वासाची उपकरणं आणा. एक टँकरवाला धावत आला. सहा फुटी, ग्रॅहमचा जुना दोस्त. तो तिला उचलूनच बाजूला ठेवणार होता. तिनं त्याला इंग्रजीत सांगितलं, तू आत गेलास तर मला तीन माणसं काढावी लागतील, तुझ्यात दम आहे तर वाऱ्याचा पंखा आण. रंगकामाला वापरतात तो मोठा पंखा, त्याला हत्तीच्या सोंडेसारखी लांब नळी असते. तो शिव्या देत पळाला आणि पंखा घेऊन आला. विभानं आपल्या मांडीखालून ती नळी आत सोडली, भोक न सोडता. नळी जिथं पोचली तिथं शैलाचं डोकं होतं. त्याच्या पलीकडं ती पोचत नव्हती. तिनं दोनदा झटका देऊन ती पुढं सरकवायचा प्रयत्न केला. नाही गेली.

मग ती मला म्हणाली, "काकू, आता तिच्याशी बोला."

मी म्हटलं, तिला ऐकू येत नाही.

"मला माहीत नाही तिला ऐकू येतं की नाही. तुम्ही बोला."

मी विभाच्या पायांच्या फटीत तोंड घातलं आणि बोलले. काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. हळदीवरून भांडले, बसमधल्या जागेवरून भांडले. दुसरं काही सुचलं नाही. आगीचे बंब येईपर्यंत मी भांडत होते. तोंडावर मास्क लावलेली माणसं आली तेव्हाच विभा उठली. तिचे पाय मेले होते, तिला दोघांनी धरून बाजूला केलं.

आधी शैलाला काढलं, मग ग्रॅहमला. दोघांना दोन अँब्युलन्समध्ये घातलं. काही सांगायला कुणी तयार नव्हतं.

मला शैलाबरोबर जाऊ दिलं नाही, आधी पोलिसांना बोलायचं होतं. आम्हाला वरच्या कॉन्फरन्स रूममध्ये बसवलं. विभाच्या गालावर माझी बोटं उमटली होती आणि चष्म्याची एक काच फुटली होती. पोलिसानं विचारलं हे कुणी केलं. ती म्हणाली, पडले. त्या दिवसभरात ती तेवढं एकच खोटं बोलली. बाकी सगळं तिनं जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, कागद खोटे आहेत असा संशय मला दोन आठवड्यांपूर्वी आला. काम लगेच थांबवा असं सांगायचा मला अधिकार होता. मी सांगितलं नाही. मी ते अहवालाच्या मसुद्यात लिहिलं आणि आज पुन्हा विचारायला आले. मॅनेजर शेजारीच होता. तो तिला थांबवायला लागला, म्हणाला, मॅडम, वकील येऊ दे. ती म्हणाली, माझं लिहून घ्या.

तिचं झाल्यावर मी बोलले. मी सांगितलं की ग्रॅहम चहा पिताना कागद भरायचा आणि मला ते माहीत होतं. हिनं मला तोंडावर विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. वर बसून मी माझं काम केलं नाही. माझं इंग्रजी मोडकं आहे, पण पोलिसाला ते कळलं. त्यानं विचारलं, खोटं का बोललात? मी म्हटलं, तो चांगला माणूस आहे. आहे असंच म्हटलं. तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं.

विभानं माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटतं तिला माझी दया करायची नव्हती, आणि ते बरंच झालं.

दीर मला न्यायला आले. गेटमधून गाडी निघताना मी तिला शेवटचं पाहिलं. कुंपणाशी उकिडवी बसून ती ओकत होती. एक पोलीस बाई पाण्याची बाटली घेऊन जरा अंतरावर उभी होती. विभानं तोंड पुसलं, बाटली घेतली, चूळ भरली, उठली आणि त्या बाईला काहीतरी म्हणाली. बाईनं पुन्हा वही उघडली. त्यानंतर ती मला भेटली नाही. चौकशीत तिचं म्हणणं वाचून दाखवलं, ती स्वतः नव्हती. मीही तिचा पत्ता काढला नाही. काढून काय म्हणणार होते?

हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा ग्रॅहमची बायको कॉरिडॉरमध्ये उभी होती. तिच्या हातात त्याचे बूट होते, पिशवीत घातलेले.

ग्रॅहम गेला. दनूता, तो टँकरवाला आणि मी, आम्हा तिघांना काही झालं नाही. शैला सहाव्या दिवशी शुद्धीवर आली. ती जिवंत आहे.